गप्प राहण्याचा सूड

गंगाने माझ्या लेकीची जीभ खाल्ली, असं राही धनावडे मनातल्या मनात म्हणायची. नाचणी दळताना म्हणायची, पऱ्यावर धुणं आपटताना म्हणायची. तोंडाने मात्र ती कधी काही बोलली नाही, कारण गंगा थोरली जाऊ होती आणि घर तिच्या हुकमाने चालायचं.

पालीपासून थोडं आत, कातळाच्या सड्याच्या पायथ्याला धनावड्यांची वाडी आहे. सासू-सासरे गेल्यावर घरात उरल्या या दोघी जावा. गंगाचा नवरा रावजी शेती बघायचा. राहीचा नवरा काशीराम मुंबईत कारखान्यात होता, तो शिमग्याला आणि गणपतीला घरी यायचा. गंगाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली तरी कूस उजवली नव्हती, आणि राहीला मात्र पहिल्याच वर्षी लेक झाली. तिचं नाव जनी. बारशाला गंगाने स्वतः पाळणा सजवला, सगळ्यांना घुगऱ्या वाटल्या आणि मग गोठ्यात जाऊन बराच वेळ बसून राहिली. ते राहीने पाहिलं होतं. तेव्हा तिला गंगाची दयाच आली होती.

जनी दीड वर्षाची झाली तरी तिच्या तोंडून शब्द फुटेना. वाडीतली तिच्या बरोबरीची पोरं 'आई', 'बा', 'भू' करत खळ्यात धावायची आणि ही नुसती बघत राहायची. एकदा राहीने तिच्या पाठीमागे पितळेचं ताट दगडावर आपटलं. झाडावरचे कावळे उडाले, पण पोरीने मान वळवली नाही.

लस टोचायला नर्सबाई वाडीत आल्या तेव्हा राही धीर करून म्हणाली, "बाई, माझी पोर बोलत नाय. मला वाटतं तिला ऐकूच येत नाय."

नर्सबाईंनी वर बघायच्या आतच ओटीवरून गंगा हसली. "बोलते की! परवाच मला 'काकी' म्हणाली. ही आपली उगाच. पहिलटकरीण, हिला सगळ्यात रोग दिसतात."

नर्सबाईही हसल्या. थोरल्या, पोक्त बाईचा शब्द आणि कोवळ्या पोरीची शंका, यात त्यांनी काय निवडायचं ते निवडलं. त्या शेजारच्या घरी गेल्या.

राहीने गंगाला विचारलं, "वैनी, असं का सांगितलंत? कधी म्हणाली ती काकी?"

"धनावड्यांच्या घरात मुकी पोर जन्मली असं गावभर करायचंय तुला?" गंगा म्हणाली. "बोलेल सावकाश. तूच तिच्याशी बोलत नसशील. आई मुखदुर्बळ, तर पोर कशी बोलणार?"

त्या वर्षी शिमग्याला काशीराम आला. राही त्याला काही सांगेपर्यंत गंगाने त्याला जेवायला वाढता वाढता सांगून टाकलं होतं की तुझ्या बायकोला मुंबईत बिऱ्हाड करायचंय, म्हणून ती पोरीला आजारी करते आहे. काशीरामला वहिनी म्हणजे आईच्या जागी. त्याने राहीचं ऐकून घेतलं नाही. "पोर धडधाकट आहे. तमाशा नको," एवढं बोलून तो मुंबईला निघून गेला.

पुढे शाळेत मास्तरांनी जनीला घ्यायला नकार दिला, तेव्हा कुठे तो तिला आणि राहीला घेऊन मुंबईच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरांनी तपासलं आणि राहीकडे वळून म्हणाले, "हिला थोडंफार ऐकू येतं. दोन वर्षांची असताना यंत्र लावलं असतं, शिकवलं असतं, तर बोलली असती. आता फार कठीण. इतके दिवस काय करत होतात तुम्ही?"

प्रश्न राहीला विचारला होता. काशीराम फरशीकडे बघत होता.

जनी घरीच वाढली. पोर हुशार होती. तिने हातांची आपली एक भाषा केली आणि ती राहीला शिकवली. मूठ तोंडाशी नेली की पाणी, पंजा वळवळवला की मासळी, दोन बोटं कपाळाला लावली की बैल. वाडीत तिला 'मुकी' म्हणायला सुरुवात केली ती गंगानेच. "मुकीला हाक मारून काय उपयोग, जाऊन हलव तिला." ती हे इतक्या सहज म्हणायची, की जणू तेच जनीचं नाव होतं.

आणि मग, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, गंगाला मुलगा झाला. त्याचं नाव बाळा ठेवलं. नवस फेडले, गावजेवण घातलं. राहीने त्या जेवणाचा भात रांधला आणि चुलीतल्या जाळाकडे बघत देवाला म्हणाली, तुझा न्याय मला कळत नाही.

बाळा दोन वर्षांचा झाला आणि देवाचा न्याय राहीला थोडा थोडा कळू लागला.

पोराचा कान सारखा वाहायचा. गंगा लसूण घालून कोमट केलेलं तेल कानात सोडायची, कापसाचा बोळा घालायची. पोर खेळायचं, हसायचं, पण बोलायचं नाही. 'आ' म्हणायचं, बोट दाखवायचं, रडायचं. राहीने हे गंगाच्याही आधी ओळखलं. ज्या बाईने एकदा ही वाट तुडवली आहे, तिला त्या वाटेवरचा दगड न् दगड ठाऊक असतो. एका दुपारी तिने त्याच्या मागे घमेलं टाकून बघितलं. पोराने किंचित मान वळवली आणि पुन्हा मातीत खेळायला लागलं. राहीने घमेलं उचललं, घरात गेली आणि देवापुढे उभी राहिली. तिला हसू आवरेना. पोरावर तिचा राग नव्हता. पण ते हसू खरं होतं.

राही तेव्हा गावच्या बालवाडीत मदतनीस होती. पोरांना गोळा करायचं, सुकडी वाटायची, असं काम. त्याच हिवाळ्यात रत्नागिरीहून दमयंतीबाई तिथे आल्या. वाचा आणि कान यांचं शिक्षण घेतलेल्या, तिशीच्या आतल्या, सुती साडी नेसलेल्या, आवाजाने मऊ. दोन-अडीच वर्षांची पोरं वेळेवर बोलायला लागलीत की मागे पडलीत, हे त्या गावोगाव बघत होत्या. सगळ्या आया पोरांना कडेवर घेऊन बालवाडीच्या पडवीत जमल्या.

"मी पोरांना काही बोलायला लावणार नाही," दमयंतीबाई म्हणाल्या. "अनोळखी माणूस बघून पोर गप्प बसतं. घटकाभरात मला काय कळणार? मी तुम्हालाच विचारणार. घरात ते कोणकोणते शब्द बोलतं, दोन शब्द जोडून काही म्हणतं का, हे आईसारखं कोणाला माहीत असणार? तुम्ही सांगाल तेच मी खरं धरणार."

सुकडीची बादली घेऊन राही मागे उभी होती. बादलीची कडी तिच्या तळहातात रुतली. आई सांगेल ते खरं! एवढी साधी गोष्ट. हे वाक्य बोलणारं माणूस सात-आठ वर्षं आधी या वाडीत का आलं नाही?

पहिली बसली चिमा, शेजारच्या वाडीतली. तिच्या मांडीवरच्या पोरीने तिचा पदर तोंडात कोंबला होता.

"पाण्याला काय म्हणते ही?"

"बू म्हणते. पण बू म्हणजे काय शब्द झाला, बाई?"

"दर वेळी पाण्यालाच बू म्हणते ना? मग तो तिचा शब्द. धरायचा."

"मग लय बोलते ही!" चिमा हरखली. "म्हशीला हम्मा, कोंबडीला टीटी, बापाला त्याच्या नावाने हाक मारते मेली." सगळ्या बायका हसल्या. एकीने खाली मान घालून कबूल केलं की माझा अजून काहीच बोलत नाही. दमयंतीबाईंनी तिचा हात धरला, पोराला रत्नागिरीला कधी आणायचं ते समजावलं. कोणी तिला हसलं नाही. कोणी तिला मुखदुर्बळ म्हटलं नाही.

मग गंगा बसली. बाळाच्या कानातला कापसाचा बोळा तिने येतानाच काढून टाकला होता.

"बाळा काय काय बोलतो?"

"सगळं बोलतो," गंगा म्हणाली. "आई, बाबा, पाणी, भात, मासा, बैल, फणस. 'पाणी दे' म्हणतो, 'काकी ये' म्हणतो. घरात नुसती टकळी चालू असते. इथं बुजलाय तो."

राहीच्या कानात तो 'काकी' शब्द तापल्या सळईसारखा गेला. तोच शब्द, तेच हसू, तीच मान उडवणं. या बाईकडे खोटं बोलायलासुद्धा दुसरा शब्द नव्हता.

दमयंतीबाईंनी बाळाकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग त्यांची नजर राहीकडे गेली. "तुम्ही एकाच घरातल्या ना? काकी म्हणजे तुम्हीच? बोलतो का हा तुमच्याशी?"

गंगाने राहीकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नजरेत आर्जव होतं. नाही म्हण, असं ती विनवत नव्हती. हो म्हण, असं विनवत होती. राहीच्या ओठांवर सगळं आलं होतं. पोराला ऐकू येत नाही, कान वाहतो, घेऊन जा त्याला. एवढं बोललं की झालं असतं. पण समोर तिला दिसत होती दीड वर्षाची जनी आणि ओटीवरून हसणारी गंगा.

"आई सांगते ना, बाई," राही शांतपणे म्हणाली. "तुम्हीच म्हणालात, आई सांगेल तेच खरं. मी कोण सांगणार?"

दमयंतीबाईंनी पुढच्या बाईला बोलावलं. गंगाने सुटकेचा सुस्कारा टाकला. तो ऐकून राहीला जिभेवर गूळ ठेवल्यासारखं वाटलं. बोल हवं तेवढं खोटं, ती मनात म्हणाली. माझ्या पोरीची वर्षं तू गिळलीस, आता स्वतःच्या पोराची गीळ.

त्यानंतरचे दिवस राहीने चवीने घालवले. तिन्हीसांजेला गोठ्यामागे गंगा बाळाला मांडीवर घेऊन बसायची. "म्हण ना रे, आई. एकदा तरी म्हण. आ-ई." पोर तिच्या ओठांकडे बघून हसायचं. भिंतीपलीकडे राही शेणी थापत असायची. ती थापता थापता थांबायची, ऐकायची आणि पुन्हा थापायची. जनीला तिने कितीदा असंच मांडीवर घेऊन म्हटलं होतं. तेव्हा गंगा जाता-येता म्हणायची, "दगडाला पाझर फुटतो का गो?"

राहीने हे वाक्य परत केलं नाही. तिने त्याहून वाईट केलं. चारचौघींत ती बाळाचं कौतुक करू लागली. विहिरीवर म्हणायची, "आमचा बाळा काय बोलतो! वैनींनी बाईंना सांगितलं ना, टकळी चालते नुसती." बायका बाळाला बोलायला लावायच्या. गंगा कळशी अर्धीच भरून घराकडे पळायची.

शिमग्याला मुंबईची माणसं आली. काशीरामही आला. ग्रामदेवतेची पालखी वाडीत आली, धनावड्यांच्या खळ्यात नाचली आणि ओटीसमोर टेकली. ढोल थांबले. बायका ओटी भरायला पुढे झाल्या. ऊन कडक होतं. सगळ्यांची तोंडं गुलालाने माखली होती. बाळा गंगाच्या कडेवर होता.

"बाळ्या," राही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आईने बाईंना सांगितलं तसं म्हण बघू, 'पाणी दे'. म्हण, देवीसमोर म्हण."

"राही, गप," गंगा पुटपुटली.

"का गो? बोलतो ना तो?"

गर्दीला घाबरून पोर चुळबुळ करत होतं. ते गंगाच्या कडेवरून घसरलं आणि सरळ जनीकडे धावलं. तिच्यासमोर उभं राहून त्याने मूठ तोंडाशी नेली. जनीने लगेच त्याला तांब्यातून पाणी पाजलं. पिऊन झाल्यावर त्याने पंजा वळवळवला. मासळी. जनी हसली आणि तिने मान हलवली, आज नाही, आज देवीचा दिवस.

हे दोघं असं बोलतात, हे राहीलासुद्धा माहीत नव्हतं.

"अगो बाई," गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "हा पण मुका काय?"

गंगा धावली. तिने बाळाला ओढलं आणि दुसऱ्या हाताने जनीच्या थोबाडीत मारली. "तू केलंस! तू माझ्या पोराला मुकं केलंस, अवदसे!"

दुसरी थप्पड मारायला उचललेला हात राहीने हवेतच पकडला. तिने तो असा पिळला की गंगाच्या दोन बांगड्या फुटल्या.

"तिने नाही केलं. त्याला ऐकू येत नाही," राही म्हणाली. "हे तुला माहीत आहे. बाईंना खोटं सांगितलंस तेव्हाही माहीत होतं."

"आणि तुला?" गंगा ओरडली. "तू तिथंच होतीस! तुलापण ठाऊक होतं, मग तू का नाही सांगितलंस?"

"मी सांगितलं होतं," राही म्हणाली. "माझ्या पोरीचं सांगितलं होतं. तेव्हा तू काय म्हणालीस?"

गंगाने बाळाला उचलून छातीशी धरलं. ढोलवाले एकमेकांकडे बघत होते. मानाचे गावकर म्हणाले, "पालखी उचला," आणि पालखी उचलली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगा चुलीपाशी राहीजवळ येऊन बसली. रात्रभर रडून तिचा चेहरा सुजला होता. "बाईंकडे तू सांग, राही. तुझी ओळख आहे. मी एवढं खोटं बोलले, आता कोणत्या तोंडाने जाऊ? मला ह्यांची भीती वाटते, गावाची वाटते. पोराचं नुकसान होतंय. तू तरी..."

"मी येईन रत्नागिरीला," राही म्हणाली. "पण आधी ओटीवर चल."

ओटीवर रावजी आणि काशीराम चहा पीत होते. राहीने गंगाला त्यांच्यासमोर उभं केलं.

"सांग," ती म्हणाली. "जनी कधी 'काकी' म्हणाली होती?"

गंगाने पदर तोंडात धरला. राहीने तो बाहेर ओढला. गंगाच्या डोळ्यांत पाणी बघून तिला जराही कणव आली नाही. उलट ती एक पाऊल पुढे सरकली.

"कधीच नाही म्हणाली," गंगा म्हणाली. "मी नर्सबाईंना खोटं सांगितलं. भावोजींनापण खोटं सांगितलं. मला पोर नव्हतं, आणि हिला होतं. मला बघवत नव्हतं."

रावजीने कपबशी खाली ठेवली. तो बायकोवर हात उचलायला उठला, पण राही मध्ये आली. "हात नका लावू. मला ते नकोय. मला फक्त ऐकायचं होतं." मग ती नवऱ्याकडे वळली. काशीराम पुन्हा खालीच बघत होता. "तुम्ही वर बघा," ती म्हणाली. "खोटं हिने सांगितलं. पण माझं सोडून हिचं खरं तुम्ही धरलंत. मी तिची आई होते."

काशीरामने वर बघितलं. तो उठून खळ्यात गेला आणि फणसाखाली जनीजवळ जाऊन बसला. जनीने गालावरचा वळ त्याला बोटाने दाखवला.

रत्नागिरीच्या एसटीत दोघी जावा एकाच बाकावर बसल्या, बाळा मधे. दमयंतीबाईंनी पुन्हा तेच प्रश्न विचारले. या वेळी गंगाने खाली बघत उत्तरं दिली. "काय नाय बोलत. पाणी नाय, आई नाय. 'आ' करतो, बोट दाखवतो. कान वाहतो."

"हे तेव्हाच सांगायचं होतंत," दमयंतीबाई म्हणाल्या. मग राहीला विचारलं, "आणि तुम्ही? तुम्हाला तर दिसत होतं ना?"

"दिसत होतं," राही म्हणाली. "मला सूड घ्यायचा होता."

दमयंतीबाईंनी पेन खाली ठेवलं. कानाच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी बाळाचे दोन्ही कान साफ केले, आत पू भरला होता. पडदे दबले आहेत, म्हणाले, पण पोर लहान आहे, औषध दिलं आणि वेळेवर आणत राहिलात तर बहुतेक सगळं ऐकू येईल.

तसंच झालं. पाऊस सुरू व्हायच्या सुमाराला बाळा कोंबड्याच्या आरवण्याने दचकून उठू लागला. भात लावणीच्या दिवसांत त्याने 'आई' म्हटलं. नंतर शब्दांवर शब्द आले, आणि गणपतीपर्यंत 'पाणी दे' आलं. गंगाने खोटं सांगितलेले सगळे शब्द एकेक करून खरे होत गेले. प्रत्येक शब्दाला गंगा आनंदाने ओरडायची, "ऐकलंस का गो..." आणि राहीचा चेहरा बघून अर्ध्यातच गप्प व्हायची.

राहीला वाटलं होतं, गंगाने ओटीवर कबूल केलं की आतली आग विझेल. विझली नाही. खाल्लेली वर्षं गंगाला परत देता येणार नव्हती. उलट बाळाला मात्र त्याची जीभ मिळाली, आणि तीसुद्धा राहीच्याच हाताने. कधी कधी ती त्याचं बडबडणं ऐकत उभी राहायची. ते गोड वाटायचं, आणि गोड वाटतंय म्हणून स्वतःचाच राग यायचा. शिमग्यापर्यंतचे जे दिवस तिने चवीने घालवले होते, तेही तिला आठवायचे. त्यांचं तिने कोणाजवळ काही बोलून दाखवलं नाही.

गणपती विसर्जनानंतर काशीरामने सांगितलं की मुंबईत मुक्याबहिऱ्या मुलांची शाळा त्याने बघितली आहे, जनीला घेतील, त्याने चाळीत एक खोलीही भाड्याने बघितली आहे. राहीने हो म्हटलं. त्याने तिचे आभार मानले नाहीत, तिनेही मानले नाहीत.

निघायच्या सकाळी गंगाने कोकमं, आंबोशी, घरचे तांदूळ असं सगळं बांधून पालीच्या थांब्यापर्यंत स्वतः डोक्यावरून आणलं. एसटी लांबून दिसली तेव्हा ती एकदम वाकली आणि धाकट्या जावेच्या पायाला हात लावायला गेली.

राहीने पाय मागे घेतला.

"एकदा तरी म्हण राही, की सोडलं म्हणून," गंगा म्हणाली.

"नाही," राही म्हणाली. "म्हणणार नाही."

तिने बोचकं मात्र घेतलं. आधी जनीला वर चढवलं, मग स्वतः चढली. काशीरामने सामान वर टाकलं. गाडी हातखंब्याच्या दिशेने सुटली तशी जनी खिडकीला नाक लावून मागे बघत बसली, आणि थोड्या वेळाने तिने आईचा हात हलवून दोन बोटं कपाळाला लावली. बाहेर कोणाचे तरी बैल चालले होते. राहीने मान डोलावली आणि तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.